माळ्यावरच्या खारी कशा घालवायच्या?

प्रश्न: पंचवटीत आमचं जुनं कौलारू घर. माळ्यावर खारींनी गादीचा कापूस उपसून घरटं केलंय. आता वायरही कुरतडली. आई म्हणते, रामाने पाठीवरून बोटं फिरवलेला जीव, मारायचा नाही. मलाही मारायचं नाहीच, पण वायरिंगचं काय?

उत्तर: आधी पिल्लं आहेत का बघा. असतील तर थांबा. आई बाहेर अडकली की ती आत मरतात, मग वासाने तुम्हीच घर सोडाल.

उत्तर: खार दिवसा हिंडते, रात्री घरट्यात. म्हणून फट भरदुपारी, ती बाहेर असतानाच बुजवा. प्लास्टिकची जाळी ती दातांनी फाडते. बारीक लोखंडी ठोका. कौलांवर टेकलेली फांदीही छाटा. डांबरगोळ्यांवर पैसे घालवू नका, आमच्याकडे त्यांच्या शेजारीच घरटं होतं!

प्रश्नकर्ता: पिल्लं आहेत, डोळेही उघडले नाहीत. आईने निकाल दिला, थांबायचं. तोवर माळ्यावरची लाईन बंद.