दर गुरुवारी आरतीनंतर

मोठ्या देवस्थानांनी दवाखाने काढावेत, असं काही जण म्हणतात, ते मला पटतं. मुंबईत प्रभादेवीला सिद्धिविनायक न्यासाचं डायलिसिस केंद्र आहेच. 2020 मध्ये करोनाच्या साथीत लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवून आणलं.

पण गल्लीतल्या लहान देवळांना विसरू नका. आमच्या परळच्या चाळीतल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी आरतीनंतर चाळीतलीच एक नर्सताई सतरंजीवर बीपीचं मशीन घेऊन बसते. दवाखान्याचं नाव काढलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणणाऱ्या आजी तिथे आपणहून हात पुढे करतात. शेजारच्या मावशींचं वरचं बीपी 190 निघालं, ते तिथेच. त्याच रात्री त्यांना केईएम रुग्णालयात नेलं.

टीबीचं तर विचारूच नका. औषध सहसा किमान सहा महिने चालतं, पण लोक काय म्हणतील म्हणून माणसं आजार लपवतात. मशीद असो, चर्च असो की बुद्धविहार, तिथल्या विश्वासातल्या माणसाने 'गोळ्या मध्येच सोडू नकोस' असं सांगितलं तर ऐकलं जातं. महापालिकेच्या आरोग्यसेविकांना या जागा हक्काने वापरू द्यायला हव्यात.