गॅसगळती शोधणारा जुना डिटेक्टर एसीतल्या आर-३२ गॅसच्या गळतीवर वाजत नाही. नवा कोणता घ्यावा?

प्रश्नकर्ता, परभणी

नमस्कार. परभणी आणि आसपासच्या तालुक्यांत मी एसी दुरुस्तीची कामे करतो. माझ्याकडे कोरोना डिस्चार्ज पद्धतीचा जुना डिटेक्टर आहे. आर-२२ या जुन्या गॅसच्या यंत्रांवर त्याने चांगली साथ दिली. आता मात्र दुरुस्तीला येणारी बहुतेक नवी स्प्लिट यंत्रे आर-३२ ची असतात, आणि फ्लेअर नटवर (तांब्याच्या नळीचा जोड आवळणाऱ्या नटवर) साबणाचा फेस डोळ्यांदेखत फुगत असतानाही हा डिटेक्टर गप्प राहतो. याउलट एका दवाखान्यात इनडोअरचे झाकण उघडताच तो सारखा वाजू लागला. त्याच कॉईलवर फेस लावला तर एकही बुडबुडा आला नाही. तिथे दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. डॉक्टरसाहेबांना कॉईल बदलण्याचा खर्च सांगायचा तर हातात पुरावा हवा, आणि पुन्हा नुसता गॅस भरून मोकळे होणे मला पटत नाही. नवा डिटेक्टर हीटेड डायोडचा घ्यावा की इन्फ्रारेड? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

दादा, सर्वांत आधी तो जुना डिटेक्टर आर-३२ च्या कामातून बाजूला ठेवा. कोरोना पद्धतीत टोकाशी विद्युत विसर्ग होत असतो आणि आर-३२ हा सौम्य ज्वलनशील वायू आहे, त्यामुळे इथे प्रश्न अचूकतेच्या आधी सुरक्षिततेचा आहे. तो गप्प का राहतो, याचे कारणही सरळ आहे. आर-२२ मध्ये क्लोरीन असतो आणि जुनी उपकरणे त्या क्लोरीनवरच चालत. आर-३२, आर-४१०ए आणि गाड्यांमधला आर-१३४ए यांत क्लोरीन नाही. आपल्या आधीच्या पिढीतले मिस्त्री हेलाइड टॉर्चची (गळती शोधायच्या जुन्या दिव्याची) ज्योत हिरवी झाली की गळती सापडली असे म्हणत. ती टॉर्चही याच कारणाने निरुपयोगी ठरली.

हीटेड डायोडचा सेन्सर तापलेल्या पृष्ठभागावर वायूचे रेणू फोडून त्यातले हॅलोजन (क्लोरीन, फ्लोरिन यांसारखी मूलद्रव्ये) ओळखतो. तो संवेदनशील असतो आणि इन्फ्रारेडपेक्षा स्वस्त मिळतो. मात्र सेन्सर झिजतो, आणि दाट गॅसच्या झोतात धरला तर लवकर निकामी होतो. इन्फ्रारेडमध्ये आत ओढलेल्या हवेतून अवरक्त किरण जातात आणि वायूने किती किरण शोषले ते मोजले जाते. हा सेन्सर अनेक वर्षे टिकतो आणि ओल किंवा इतर वासांना सहजासहजी फसत नाही. तुमच्याकडे दवाखान्यांची कामे असतील तर मी इन्फ्रारेडच सुचवीन, कारण स्पिरिट, फिनेल आणि ताजा रंग हे जुन्या पद्धतीच्या डिटेक्टरला वाजवायला पुरेसे असतात. कोणताही घ्या, पण आर-३२ साठी प्रमाणित असल्याचे पुस्तिकेत लिहिलेले पाहूनच घ्या. आर-२९० म्हणजे प्रोपेन. त्यात हॅलोजन मुळीच नाही, म्हणून त्या यंत्रांसाठी ज्वलनशील वायूचा डिटेक्टर वेगळा लागतो.

नांदेडचा मिस्त्री

माझे मत थोडे वेगळे आहे. फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्वची पिन आणि ब्रेझिंगचे (धातू वितळवून सांधलेले) जोड इथेच निम्म्याहून जास्त काम होते, आणि तिथे साबणाच्या पाण्याइतके स्वस्त व खात्रीचे साधन नाही. आपल्या भागात तर धूळच अर्धी खूण दाखवते: गॅसबरोबर तेल झिरपते, त्यावर माती बसते आणि नटाभोवती काळा चिकट थर तयार होतो. आधी डोळे वापरावेत, मग यंत्रावर पैसे घालावेत.

निदेशक, आयटीआय, लातूर

नांदेडच्या मित्रांचे म्हणणे जोडांपुरते बरोबर आहे, आणि त्यामागचे गणितही पाहण्यासारखे आहे. समजा, दर उन्हाळ्यात २५० ग्रॅम आर-३२ भरावा लागतो. वर्षभराच्या सरासरीने ही गळती मिनिटाला पाव घनसेंटीमीटरपेक्षा थोडी कमी भरते. म्हणजे फेस दाट असेल आणि दोन-तीन मिनिटे थांबण्याचा धीर असेल तर बुडबुडा दिसायलाच हवा. चांगल्या डिटेक्टरची क्षमता वर्षाला ३ ते ५ ग्रॅम गळती ओळखण्याची असते, म्हणून अशा कामात संवेदनशीलता सर्वांत वर चढवून ठेवण्याचे कारण नाही. तशी ठेवली की खोलीत साचलेल्या गॅसवरही तो वाजतो आणि आपण कॉईलला दोष देत बसतो.

प्रश्न उरतो तो इनडोअर कॉईलचा, कारण पत्र्यांच्या दाटीत फेस पोहोचतच नाही. डिटेक्टरची खरी गरज इथे आहे. आधी खोली हवेशीर करून घ्यावी, मग पंखे आणि यंत्र बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. यंत्र चालू असताना सक्शनकडे, म्हणजे इनडोअर कॉईल असलेल्या कमी दाबाच्या बाजूला, साधारण १२० ते १५० पीएसआय (दाबाचे एकक) दाब असतो. बंद केल्यावर दोन्ही बाजू समान होतात आणि ४० अंशांच्या दुपारी आर-३२ चा दाब ३४५ पीएसआयच्या घरात जातो. तीच बारीक भेग आता अधिक जोराने गळते. हे सर्व वायू हवेपेक्षा जड असल्याने गॅस खाली ड्रेन ट्रेमध्ये (कॉईलचे पाणी साचणाऱ्या तबकात) उतरतो. टोक ट्रेच्या तोंडाशी न्यावे, पाण्याला लागू देऊ नये. तिथे वाजले तर गळती कॉईलमध्येच आहे असे धरून यू-बेंडच्या (कॉईलच्या नळ्यांच्या यू आकाराच्या वळणांच्या) बाजूने, प्रत्येक जोडाच्या खालून, टोक पाच मिलिमीटरच्या आत ठेवून सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर या गतीने फिरावे. इन्फ्रारेड एका जागी धरून ठेवू नये. तो त्या हवेलाच शून्य मानतो आणि गप्प होतो. वाजलेल्या जागेवरून टोक दूर नेऊन, स्वच्छ हवेत शांत होऊ देऊन, पुन्हा त्याच जागी आणावे. पुन्हा वाजले तरच खूण करावी. फेस ओला असताना मात्र टोक जवळ नेऊ नये, साबण आत ओढला जातो.

प्रश्नकर्ता, परभणी

सर्वांचे आभार. लातूरच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे ओळखीच्या दुकानातून इन्फ्रारेड डिटेक्टर आणून ते काम पुन्हा केले. ट्रेच्या तोंडाशी तो वाजला आणि पुढे डाव्या बाजूच्या एकाच यू-बेंडखाली प्रत्येक वेळी वाजला. पत्रा काढल्यावर त्या बेंडवर तांबे काळे पडलेले दिसले. दवाखान्यामागे उघडी गटार वाहते, तिचा याच्याशी संबंध असावा का? आणि गॅस पूर्ण निघून गेलेल्या यंत्रात डिटेक्टर कसा वापरावा?

निदेशक, आयटीआय, लातूर

संबंध असू शकतो. गटारीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे पाडतो आणि हळूहळू खातो. तसे असेल तर तेवढाच बेंड ब्रेझ करून भागणार नाही, शेजारचे बेंडही त्याच हवेत आहेत. म्हणून लेपित (संरक्षक थर दिलेली) कॉईल बसवणे आणि गटारीकडची खिडकी बंद ठेवणे हे डॉक्टरसाहेबांना सांगावे.

रिकाम्या यंत्रात नुसता नायट्रोजन भरला तर यांपैकी एकही डिटेक्टर वाजणार नाही, कारण त्यांना तो वायू ओळखताच येत नाही. त्यात त्याच जातीचा थोडा गॅस आधी सोडून मग यंत्राच्या पाटीवरील मर्यादेपर्यंत नायट्रोजनचा दाब द्यावा. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी त्याचा स्फोट होतो. साधी दाबाची हवाही नको, विशेषतः आर-३२ असेल तर. काम झाल्यावर व्हॅक्यूम घेऊन (आतली हवा पंपाने काढून) गॅस काट्यावर वजन करूनच भरावा. गेजवरच्या दाबाच्या अंदाजाने भरला तर पुढच्या वर्षी खरोखर किती गळला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.