ब्रेक दाबला की चींss, पण पॅड तर जाड दिसतायत

कुंभार्लीकर:
मंडळी जरा मदत करा. 2016 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 64 हजार किमी झालेत, दर पंधरा दिवसांनी चिपळूण-कराड फेरी असते म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेलाच. महिना झाला पुढच्या डाव्या चाकातून ब्रेक दाबला की चींss आवाज येतो, गाडी हळू असली की जास्त, बाजारपेठेत तर लोक वळून बघतात. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने चाक काढून हवा मारली, कसलासा स्प्रे मारला, 300 घेतले. चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी परत सुरू. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं तर पॅड चांगला 6 एमएम आहे. मग डिस्क गेली का?

निवांत_ड्रायव्हर:
माझ्या गाडीला यायचा तेव्हा थोडं तेल सोडलं होतं डिस्कवर, लगेच बंद झाला

लालमातीवाला:
^ अहो काय सांगताय!! कोणी करू नका हे. तेल पॅडमध्ये मुरतं, आवाज जातो आणि त्याच्यासोबत ब्रेकपण जातो.
कुंभार्लीकर, आवाज नक्की कधी येतो ते सांगा. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला येऊन बंद होत असेल तर तो डिस्कवर रात्रीत धरलेला गंज, पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी तेच, सोडून द्या. घाट उतरल्यावर सुरू होत असेल तर पॅड तापून वरून काचेसारखे गुळगुळीत झाले असतील, सेकंड गिअरला उतरायची गाडी तुम्ही ब्रेकवर उतरवत असाल तर ते होणारच. आणि ब्रेक न दाबता पण येतो का?

कुंभार्लीकर:
आधी फक्त दाबल्यावर यायचा, आता आठवडाभर न दाबताही बारीक येत राहतो, आणि गंमत म्हणजे दाबला की कधी कधी थांबतो. घाट सेकंडलाच उतरतो हो. एक राहिलं, काल घरी आल्यावर हात जवळ नेला तर डाव्या चाकाची धग उजव्यापेक्षा बरीच जास्त वाटली.

ग्रीसचे_हात:
वीस वर्षं गॅरेजमध्ये आहे, आता ऐका. तुम्ही टॉर्च मारून बघितला तो बाहेरचा पॅड. आतला, पिस्टनच्या बाजूचा, चाकातून दिसतच नाही. तुमच्या कॅलिपरला, म्हणजे दोन्ही पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याला, पिस्टन एकाच बाजूला असणार, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन जाम झाली की कॅलिपर नीट सरकत नाही, आतला पॅड एकटाच झिजत बसतो, ब्रेक सोडला तरी चिकटून राहतो म्हणून चाक तापतं. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते, पॅड दोन-तीन एमएमवर आला की ती डिस्कला टेकून किंचाळते. तुमचा आवाज मला तोच वाटतो.
उघडून बघितल्याशिवाय घाटात नेऊ नका.
स्वतः करणार असाल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा. कॅलिपर ब्रेक ऑइलच्या होजवर (नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. पिस्टन मागे ढकलताना वर डब्यातलं ब्रेक ऑइल चढतं, मध्ये कोणी टॉप-अप केलं असेल तर बाहेर येतं आणि सांडलं तर रंग खातं. पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लावा, साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगून पिन परत जाम. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. आणि सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, हे विसरून लोक थेट गेटवर गेलेत.

लालमातीवाला:
दादा भारी. मीपण आजवर बाहेरचाच पॅड बघत होतो 😅

कुंभार्लीकर:
रविवारी दुसऱ्या मेकॅनिककडे समोर उभं राहून उघडून घेतलं. बाहेरचा पॅड 6, आतला जेमतेम दीड एमएम! खालची पिन इतकी गंजलेली की पाना लावून पिळून पिळून काढली, तिचं रबर फाटलेलं, त्यातूनच पाणी गेलं म्हणे. डिस्कवर बारीक रेघा आहेत पण जाडी मोजली तर कडेला कोरलेल्या किमान जाडीच्या आकड्यापेक्षा जास्त भरली, म्हणून डिस्क ठेवली. दोन्ही चाकांचे पॅड, पिना, रबरं नवीन. आता नुसता खर्र खर्र येतोय हलका, तो चालेल का?

ग्रीसचे_हात:
पॅड अजून डिस्कवर बसायचेत. मोकळ्या रस्त्यावर 50-60 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा आणा, पूर्ण थांबू नका, मध्ये थोडं गार होऊ द्या. दोनेकशे किमी झाल्यावरही राहिला तर सांगा.

कुंभार्लीकर:
गुहागर रस्त्याला करून आलो, गप्प आहे. जुना पॅड डिकीत ठेवलाय, तीनशेवाल्याला दाखवायला.