मदत हवी आहे: लेक 'स' आणि 'श'ला वळतच नाही

नमस्कार. आम्ही कराडचे. लेक सव्वादोन वर्षांची आहे. जन्मानंतर कानांची तपासणी कुणी केलीच नाही, आणि घरात 'हिचा बाबाही उशिराच बोलला' यावर वर्ष गेलं. शेवटी बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते पाहणारी तपासणी) झाली, दोन्ही कानांत तीव्र दोष निघाला. आता सात महिने झाले, दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन आहे.

रोज सकाळी मी तिच्या पाठीमागे बसून, तोंडासमोर कागद धरून सहा आवाज काढते: आ, ई, ऊ, म, श, स. आवाज ऐकू आला की डबीत मणी टाकायचा, असा खेळ; पहिल्या चारांना ती टाकते. श, स ला मणी हातातच! कुकरच्या शिट्टीला मात्र वळते, म्हणून सासूबाईंना वाटतं की तिला सगळं ऐकू येतं.

हल्ली मांडीवर घेतलं की मशीनच शिट्टी मारतं. मोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा) सैल झाला असेल का? या वयात तो किती महिन्यांनी बदलावा लागतो? स-श ऐकू येण्यासाठी सेटिंग बदलून कुणाला फरक पडला का? की कॉक्लिअर इम्प्लांटचं (ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राचं) आताच विचारावं? एडिप योजनेत (अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) इम्प्लांटसाठी पाच वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून धाकधूक आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांच्या राष्ट्रीय संस्थेत कुणी मूल नेलं असेल तर किती खेपा पडल्या तेही सांगा, एसटीने सगळा दिवस मोडतो.

आणि हो, ती खुणा करते तेव्हा मीही खुणेनं उत्तर देते. ओळखीचे म्हणतात, त्यानं बोलणं मागे पडेल. मला पटत नाही. तुमचा अनुभव?