मदत हवी आहे : बाटलीच्या बुडावरची खूण ओळखायची आहे

गिरगावातल्या आमच्या चाळीची खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर आजीच्या दोन बाटल्या सापडल्या. एक गोटीसोड्याची, गोटी अजून आत खुळखुळते. ती माहीतच आहे. हिरम कॉडचं १८७२चं पेटंट. अडलंय ते दुसरीपाशी.

फिकट हिरवी काच, आत बारीक बुडबुडे. साच्याची शिवण मानेपर्यंत येऊन थांबते, म्हणजे तोंड हाताने घडवलेलं. बुडाशी उठावात ‘पी एफ’ ही इंग्रजी अक्षरं आणि खाली ४. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची असेल का? तो १९०८चा. कुणाकडे तिथली खात्रीची बाटली असेल तर बुडाचा फोटो टाका ना. भंगारवाला दारात उभा होता, मी दिली नाही.