मदत हवी आहे: लाल अळ्यांचं डोकं स्लाइडवर कसं बसवायचं?

मंडळी नमस्कार, बेळगावातनं लिहायलोय. एमएस्सीचा प्रोजेक्ट घेतलाय कायरोनोमिड माश्यांवर, म्हणजे संध्याकाळी लाइटखाली थव्यानं येणारी ती डासासारखी चिलटं, चावत नाहीत बरं का, घरात मात्र कुणाला पटत नाही!

बेळ्ळारी नाल्याच्या गाळात भरपूर लाल अळ्या मिळाल्या, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्येपण तग धरतात, मत्स्यालयवाले ब्लडवर्म म्हणून विकतात त्याच. आणि वर कणकुंबीकडं मलप्रभेच्या दगडांवर घासून बघितलं तर बारीक, फिकट, वेगळ्याच दिसायलेत.

अडलंय इथं. ओळख डोक्यावरनं करायची, खालच्या बाजूला ती दातेरी पट्टी असते ना, मेंटम, तिचे दात मोजायचे. मी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये डोकं ठेवतो, पण एकदा जास्त वेळ राहिलं तर पार विरघळल्यागत झालं, कमी ठेवलं तर आतलं मांस तसंच, काय दिसंना. गरम करावं का रात्रभर थंडच ठेवावं? आणि कव्हरस्लिप ठेवली की डोकं आडवं पडतं, मेंटम वर यायलाच पायजे ना.

दुसरं, पाण्यावर तरंगणाऱ्या कोषांच्या रिकाम्या साली गोळा करून जाती ओळखतात म्हणे, पावसाळ्यात नदीला लोंढा असताना हे जमतं का? कुणी खानापूर, चंदगड बाजूला केलं असेल तर सांगा, मी येऊन बघतो, गाडी आहे. नमुने सगळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेत.