ग्रीक बेटांच्या सहलीसाठी गाइडबुक कोणतं घ्यावं?

रानवारा
सप्टेंबरमध्ये दोघांसाठी १४ दिवसांची सहल आहे. अथेन्सला उतरून पारोस, नाक्सोस, आमोर्गोस आणि शेवटी सँटोरिनी, सगळं बोटीने. दुकानात चार प्रकारची पुस्तकं दिसली: अख्ख्या ग्रीसचं, सगळ्या ग्रीक बेटांचं, फक्त सिक्लाडीस बेटांचं (ही चारही बेटं याच समूहातली) आणि नुसत्या सँटोरिनीचं. एकच घ्यायचं आहे. कुठून कुठे बोट जाते, कुठे किती रात्री राहावं, हे त्यातून कळायला हवं. फोटो नसले तरी चालेल. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळतेय, ती चालेल का? आणि छापील की ई-बुक?

दीपगृह
अख्ख्या ग्रीसचं आणि नुसत्या सँटोरिनीचं, दोन्ही बाद. पहिल्यात आमोर्गोस दोन-तीन पानांत उरकतात, दुसऱ्यात ते नसतंच.

उरलेल्या दोघांपैकी जे हातात येईल त्यात थेट आमोर्गोसचं 'कसं जाल' उघडा. या बेटाला काटापोला आणि एगियाली अशी दोन बंदरं आहेत, बऱ्यापैकी लांब लांब. काही बोटी एकाला लागतात, काही दुसऱ्याला, काही दोन्हींना. तिकीट एकीकडचं आणि खोली दुसरीकडची, हा घोळ इथे हमखास होतो. पुस्तकात दोन्ही बंदरं वेगळी दिली असतील आणि कुठे उतरलं तर कुठे राहणं सोयीचं हेही असेल, तर लिहिणारा तिथे बोटीने गेलेला आहे. 'पिरेअसहून (अथेन्सचं बंदर) नियमित बोटी आहेत' एवढ्यावर भागवलं असेल तर पुस्तक परत ठेवा.

मग नाक्सोसचं पान. तिथून इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसिया अशी छोटी बेटं घेत आमोर्गोसला जाणारी 'एक्सप्रेस स्कोपेलिटिस' नावाची लहान बोट आहे. तिचा उल्लेख नसलेलं पुस्तक तुमच्या मार्गासाठी अपुरं.

शेवटी सूची. सँटोरिनीचं ग्रीक नाव थिरा, बोटीच्या वेळापत्रकांत बऱ्याचदा तेच असतं. बेटावरच्या मुख्य गावाचं नाव फिरा. बोटी लागतात अथिनिओसला, फिराखालच्या जुन्या बंदराला नव्हे. ही चारही नावं सूचीत सापडायला हवीत. 'खोरा' म्हणजे बेटाचं मुख्य गाव, ते जवळजवळ प्रत्येक बेटावर असतं. सूचीत नुसतं 'खोरा' असून बेटाचं नाव पुढे नसेल तर बसा शोधत!

जुनी_आवृत्ती
जुन्या पुस्तकाबद्दल. मुखपृष्ठावरचं वर्ष सोडा, कॉपीराइटचं पान बघा. माहिती त्याच्याही आधी गोळा केलेली असते. अथेन्सपुरती सोपी कसोटी: विमानतळावरून येणारी मेट्रोची तिसरी लाइन ऑक्टोबर २०२२ पासून थेट पिरेअसपर्यंत जाते. मोनास्टिराकीला उतरून लाइन १ पकडा, असं पुस्तक सांगत असेल तर ते त्याआधीचं आहे.

म्हणून जुनं पुस्तक टाकाऊच ठरतं असं नाही. चालायच्या वाटा, समुद्रकिनारे, मठ, कोणतं गाव कोणत्या बाजूला, हे बदलत नाही. भाडी, हॉटेलं आणि वेळापत्रक मात्र पेन्सिलीने खोडलंय असं समजा. बोटींच्या वेळा दर हंगामाला बदलतात, नवीन पुस्तकातल्याही भरवशाच्या नसतात. पुस्तकाकडून मार्ग कोणता ते घ्या, वेळा बोट कंपनीच्या साइटवर बघा.

दीपगृह
वेळांबद्दल सहमत. पण मार्गही थोडेफार बदलतात, तेव्हा तिकीट काढेपर्यंत खोल्यांचे पूर्ण पैसे भरू नका.

उत्तरवारं
पुस्तकात वाऱ्याबद्दल काय लिहिलंय तेही बघा. मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो आणि सप्टेंबरमध्येही अधूनमधून उठतो. वाऱ्याचा जोर बोफर्ट मापावर साधारण ८ झाला की मोठ्या बोटीही बंदरातच ठेवतात, वेगवान कॅटामरान (जोडबोटी) त्याआधीच थांबतात. पिरेअस ते सँटोरिनी मोठ्या बोटीला आठेक तास लागतात, वेगवान बोटीला पाचेक. तीन तास वाचतात, पण रद्द व्हायची शक्यता आणि भाडं दोन्ही जास्त. नमुना कार्यक्रमात रोज एक बेट देणारं पुस्तक नकाशावर रेघा ओढून लिहिलेलं समजा.

तुमच्या १३ रात्री: पारोस ३, नाक्सोस ४, आमोर्गोस ३, सँटोरिनी २, परतीच्या आदल्या रात्री अथेन्स १. ती शेवटची कुठल्याही मोहाने कापू नका.

रानवारा
सगळ्यांचे आभार. शेवटी झाकिंथोस घातलं तर? सगळ्या बेटांच्या पुस्तकात तेही बेट आहे.

उत्तरवारं
पुस्तकात शेजारी, समुद्रात नाही. झाकिंथोस पश्चिमेला आयोनियन समुद्रात, त्याची बोट मुख्य भूमीवरच्या किलिनी बंदरातून सुटते. म्हणजे आधी अथेन्सला परत या, मग जमिनीवरून ग्रीसच्या दुसऱ्या टोकाला जा, मग पुन्हा बोट. दोन दिवस त्यातच जातील. ते वगळा. (सगळ्या बेटांच्या पुस्तकाचा हाच तोटा. सिक्लाडीसचं चांगलं मिळालं तर तेच घ्या.)

जुनी_आवृत्ती
ई-बुकचं राहिलं. टॅबवर वाचणार असाल तर ठीक. ई-इंकच्या काळ्या-पांढऱ्या रीडरवर बंदराचे नकाशे वाचता येत नाहीत, अक्षरं मोठी केली तरी नकाशा तेवढाच राहतो. छापील घेतलंत तर चार बेटांची पानं धारदार कटरने कण्यापासून सोडवून स्टेपल करा, बाकीचं घरी ठेवा. सूचीची पानं तेवढी सोबत घ्या.